चार नंबरचा लाल दिवा

समजा तुम्ही टीव्हीवर क्रिकेट बघताय. शेवटचा चेंडू आहे, फलंदाजाने बॅट फिरवली आहे, चेंडू उंच उडाला आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर यष्टिरक्षकाच्या बुटाची नाडी दिसते. बराच वेळ दिसते. नाडी सुटली आहे, पण पुरती सुटलेली नाही. तुम्ही म्हणता, अहो, चेंडूचं काय झालं? तोवर जाहिरात लागते.

ज्या कार्यक्रमांच्या कॅमेऱ्यामागे मी आयुष्याची उत्तम वर्षं काढली, ते घरी बसून बघणाऱ्यांना दर उन्हाळ्यात असंच वाटत आलं आहे. फरक इतकाच, की चेंडू कुठे गेला ते मला दिसत असतं. मी ते व्यवस्थित टिपतही असते. फक्त ते कोणाला दाखवलं जात नाही, आणि जे दाखवत नाहीत ते साठवूनही ठेवत नाहीत.

हा कार्यक्रम म्हणजे ड्रम कोअर. नावावरून आपल्या माणसांना ढोलपथक आठवतं, आणि मीही पहिल्यांदा तेच समजून गेले होते. ढोल असतात, पण त्याहून जास्त पितळी वाद्यं असतात, झेंडे फिरवणारी मुलंमुली असतात, आणि हे सगळं फुटबॉलच्या मैदानावर पळत, मागे चालत, तिरकं सरकत वाजवायचं असतं. मुलं वीस-एकवीस वर्षांपर्यंतची. उन्हाळाभर शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, बसने गावोगाव हिंडतात, दिवसभर उन्हात तालीम करतात आणि संध्याकाळी स्पर्धेत एकच कार्यक्रम करतात. तो संपायला पाव तासही लागत नाही. शिवाय तो त्या एका उन्हाळ्यापुरता. पुढच्या वर्षी नवा कार्यक्रम, आणि जुना पुन्हा कोणी कधी करत नाही.

मैदानावर प्रत्येकाची प्रत्येक क्षणाची जागा ठरलेली असते. त्या जागेला मुलं 'डॉट' म्हणतात, म्हणजे आपला ठिपका. ठिपक्यांची रांगोळी जमिनीला नाक लावून बघितली तर काय दिसेल? ठिपका. उभं राहून बघितली तर कमळ. म्हणून ड्रम कोअरचे जाणकार स्टेडियममध्ये सर्वांत वरची जागा मागून घेतात, आणि म्हणूनच आमचे टीव्हीवाले मला वर बसवतात.

वरच्या रांगांच्या मागे एक मचाण बांधतात. त्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे मी. काम ऐकायला सोपं आहे: सगळं मैदान चौकटीत धरायचं आणि हलायचं नाही. याला आमच्या धंद्यात वाइड म्हणतात. माझा नवरा श्रीकांत याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो. वारा सुटला की उंट डोलतो, कॅमेरा डोलू द्यायचा नसतो, आणि शेळ्या दीडशे असून निम्म्या उलट्या चालत असतात, हे त्याला मी किती वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

खाली पार्किंगमध्ये एक मोठा ट्रक उभा असतो. त्याच्या आतल्या भिंतीवर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसतात आणि त्यातलं कोणतं घरोघरी जायचं ते दिग्दर्शक ठरवतो. तो हेडसेटवर म्हणाला, 'टेक टू', की दोन नंबरचं चित्र देशभर जातं आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर, पुढे आणि मागे, लाल दिवा लागतो. नाव कोणी घेत नाही. माझं नाव विजया, पण कामावर मी 'फोर'. आपल्याकडे लाल दिव्याची गाडी मिळाली की माणूस मंत्री झाला म्हणायचे. माझा दिवा सुरुवातीला एकदा लागायचा, लोकांना कळावं की हे मैदान आहे, आणि शेवटी एकदा, लोकांना कळावं की संपलं. मधल्या काळात मी माजी मंत्री.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. लग्न होऊन कॅलिफोर्नियात सांता क्लाराला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीला बंदी होती. गावच्या कम्युनिटी टीव्हीला फुकट राबणारी माणसं हवी होती. त्यांनी मला कॅमेरा शिकवला आणि नगरपरिषदेच्या सभा शूट करायला बसवलं. पार्किंगच्या प्रश्नावर संध्याकाळभर बोलणारी माणसं न हलता चौकटीत धरणं, ही माझी तालीम. पुढे कामाचा परवाना मिळाला, शाळांचं फुटबॉल मिळालं, आणि एके दिवशी कोणीतरी चॅनेलला कळवलं की अजिबात न हलणारी एक बाई आहे.

आमचा दिग्दर्शक ब्रॅड. माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगते, कारण पुढे तसं वाटणार नाही. ड्रम कोअरकडे येण्याआधी तो स्वयंपाकाच्या स्पर्धांचे कार्यक्रम करायचा. तिथे चांगलं चित्र म्हणजे तव्यावर फसफसणारं लोणी, शेफच्या कपाळावरचा घाम, आणि घास तोंडात गेल्यावर परीक्षकाचे डोळे. मैदानावरही ब्रॅड तेच शोधायचा. दीडशे मुलं मिळून एक प्रचंड चक्र फिरवत असायची आणि घरी लोकांना दिसायचा एका ट्रम्पेटवाल्याच्या हनुवटीवर लोंबणारा घामाचा थेंब. पडतो की नाही? ब्रॅड हेडसेटवर श्वास रोखून म्हणायचा, 'थांबा, थांबा.' थेंब पडेपर्यंत चक्र मोडलेलं असायचं.

नाडीचं उदाहरणही मी कल्पनेने दिलेलं नाही. ती एका ढोलवाल्याची होती. दुसऱ्या एका वर्षी कार्यक्रमाच्या सर्वोच्च क्षणी ब्रॅडने प्रेक्षकांत बसलेली एक रडणारी आई दाखवली. नंतर चौकशी केली तर तिच्या डोळ्यांत सनस्क्रीन गेलं होतं, आणि ती कोणाचीही आई नव्हती.

बघणारे लोक खवळायचे. प्रक्षेपण संपायच्या आत चॅनेलला ईमेल सुरू व्हायच्या. एकदा एक निवृत्त बँड मास्तर थेट ट्रकपाशी आले आणि त्यांनी ब्रॅडला एक दुर्बीण भेट दिली. म्हणाले, ही उलट्या बाजूने बघायची, म्हणजे सगळं मैदान दिसेल. ब्रॅड भारावला. त्याने त्यांचे मनापासून आभार मानले आणि ती दुर्बीण सुलट्या बाजूने वापरली. तिच्यातून त्याला प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेतल्या बासरीवालीच्या भुवया सापडल्या. ड्रम कोअरमध्ये बासरी नसते. ती पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत बसलेली पाहुणी होती, तरी ती दिसलीच.

या सगळ्यात ज्याचं खरंखुरं नुकसान होत होतं तो ग्लेन. आयोवातल्या एका छोट्या गावच्या कोअरचा ड्रिल डिझायनर, म्हणजे कोणी केव्हा कोणत्या ठिपक्यावर असायचं ते ठरवणारा माणूस. त्या कोअरचा गणवेश निळा, म्हणून आम्ही त्यांना निळेच म्हणायचो. ग्लेनच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटाकडे एक रेघ यायची. त्याआधी मैदानावर पुरता गोंधळ असायचा, मुलं जत्रेत चुकल्यासारखी सगळीकडे. आणि मग बघता बघता, कोण कुठून आलं ते कळायच्या आत, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ तयार व्हायची आणि पूर्ण ताकदीने वाजवत प्रेक्षकांवर चालून यायची. मी वरून इतक्या वेळा पाहिली तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. बाकीच्या कोअरही रेघ करतात. ग्लेनची सरळ असायची.

निळ्यांचा कार्यक्रम वर्षातून एकदाच टीव्हीवर यायचा, आमच्या कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत. ग्लेनची रेघ टीव्हीवर एकदाही आली नव्हती. घामाचा थेंब, नाडी आणि सनस्क्रीन, हे तिन्ही ग्लेनच्या रेघेवरच आले होते. दर वर्षी स्पर्धेआधी कोअरवाले ट्रकमध्ये येऊन दिग्दर्शकाला महत्त्वाच्या जागा सांगतात. ग्लेन यायचा, शांतपणे सांगायचा, ब्रॅड प्रेमाने ऐकायचा, लिहून घ्यायचा आणि ऐन वेळी कुठल्यातरी नाकपुडीच्या प्रेमात पडायचा. ग्लेन मग जिना चढून मचाणापर्यंत यायचा. विचारायचा, "फोर, सरळ होती?" मी म्हणायचे, "होती." तो मान हलवून खाली जायचा. आमची ओळख ती एवढीच.

गेल्या वर्षी तो आला तेव्हा जिन्यात दोनदा थांबला. गुडघे गेलेत, म्हणाला. पुढच्या उन्हाळ्याचा कार्यक्रम शेवटचा. रेघ एकदा कुठेतरी राहायला हवी होती, असंही म्हणाला, पण तक्रारीच्या सुरात नाही. मला मात्र फार वाईट वाटलं. कारण माझीही पुढची फेरी शेवटचीच होती. माझ्या जागी आपोआप चालणारा कॅमेरा येणार होता. त्याची चाचणी मी पाहिली. त्या शहाण्या यंत्राने दीडशे वादक सोडून मैदानामागून पाण्याच्या बाटल्या नेणारी गोल्फ कार्ट पकडली आणि ती गेटबाहेर जाईपर्यंत तिची पाठ सोडली नाही. ब्रॅडला चित्र आवडलं.

आता आमचं मराठी मंडळ यात कसं आलं ते सांगते. क्युपर्टिनोचे कुलकर्णी काका आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, आणि त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही. मंडळाच्या दिवाळीत मुलांना कॅमेरा दाखवताना मी लाल दिव्याचं सांगितलं होतं, ते काकांनी मुलांपेक्षा लक्ष देऊन ऐकलं. मग त्यांनी गेल्या वर्षीची स्पर्धा बघायला सगळ्यांना घरी बोलावलं. विजयाचं काम टीव्हीवर बघायचं. साबुदाणा वडे झाले, मठ्ठा झाला, आणि सगळे मोठ्या मैदानाच्या चित्राची वाट बघत बसले. दिसला तो नाडीवाला. मी घरी आले तेव्हा श्रीकांत म्हणाला, वातावरण एकदम गंभीर झालं होतं. दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन भेटायला आल्या. हळूच म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस."

काका मात्र गप्प बसणारे नव्हते. त्यांनी एक ईमेल तयार केली, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि क्युपर्टिनोपासून सांता क्लारापर्यंत सगळ्यांनी ती जशीच्या तशी चॅनेलला पाठवली. मागणी एकच होती, चार नंबरचा कॅमेरा जास्त दाखवा. पण मजकूर फार कोरडा वाटला म्हणून काकांनी शेवटी एक प्रेमाचं वाक्य जोडलं, की ही सारी मुलं आम्हाला आमच्या स्वतःच्या मुलांसारखी आहेत.

आमच्या निर्मातीबाईंनी ढीगभर ईमेल बघितल्या, खालची नावं बघितली, शेवटचं वाक्य बघितलं आणि निष्कर्ष काढला: आपल्याला सिलिकॉन व्हॅलीतला भारतीय प्रेक्षक मिळालेला आहे आणि त्याला त्याची मुलं बघायची आहेत. ब्रॅडला आदेश मिळाला. भारतीय दिसणारी मुलं शोधा आणि जवळून दाखवा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. मी बाईंना समजावायला गेले, तर त्या म्हणाल्या की तुझ्या समाजाचा तुला अभिमान वाटत असेल.

यंदाच्या उन्हाळ्यात ब्रॅडला असा एकच मुलगा सापडला, आणि तोही निळ्यांमध्ये. अनीश. बॉथेलचा, आई मूळची नाशिकची. वाजवायचा ट्युबा, म्हणजे भलंमोठं पितळी वाद्य. हे वाद्य खांद्यावर घेतलं की वाजवणाऱ्याचा चेहरा त्यामागे जातो आणि बाहेर राहतो तो एक कान. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्यांची तालीम झाली तेव्हा ब्रॅडने तीन नंबरच्या कॅमेऱ्याला सक्त सांगून ठेवलं, थ्री, तू कान सोडायचा नाही. तीन नंबरने दिवसभर कान धरून ठेवला. बाकीच्या मुलांनी अनीशला 'द इअर' म्हणायला सुरुवात केली.

संध्याकाळी तो मला शोधत आला. "आंटी, तुम्ही मराठी आहात ना? प्लीज, कॅन यू मेक देम स्टॉप?"

मी म्हटलं, "बाळा, माझंच कोणी ऐकत नाही."

"बट द लाइन इज सो गुड धिस इयर," तो म्हणाला. "मी लाइनच्या एंडला आहे. आय कान्ट सी इट. आईलापण दिसणार नाही. शी विल सी माय इअर."

त्याचं ते बोलणं मला लागलं. रेघेतल्या मुलांना रेघ कधीच दिसत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वरून बघणाऱ्यांना ती दिसते, आणि बाकी जगाला दाखवणारा दिवा माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेन ट्रकमध्ये आला तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबले. ग्लेनने सांगितलं, ब्रॅडने लिहून घेतलं. मग मी कधी नव्हे ते मधे तोंड घातलं. मी ब्रॅडला विचारलं, तुझ्या जुन्या कार्यक्रमात सहा तास खपून केलेला केक ओव्हनमधून बाहेर येताना तू काय दाखवायचास? तो म्हणाला, केक. शेफचं नाक नाही? नाही, तो म्हणाला, त्या वेळी फक्त केक. मी म्हटलं, ब्रॅड, ही रेघ म्हणजे केक आहे.

ब्रॅडने पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं हे कोणी त्याच्या भाषेत सांगितलंच नव्हतं. मग त्याने उठून ग्लेनचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आज केक दाखवायचा. माझा शब्द." आणि ब्रॅडने शब्द पाळला, हे मी लिहून ठेवते.

त्या संध्याकाळी मी मचाणावर चढले तर माझ्या पुढच्या रांगांत ओळखीची डोकी. मंडळाने बस केली होती. माझा शेवटचा उन्हाळा म्हणून सगळे मला बघायला आले होते. आता, मचाणापुढच्या दोन-तीन रांगा विकत नाहीत. कोणी उठून उभं राहिलं तर कॅमेऱ्यात येतं, म्हणून तिथे दोरी बांधतात. आमच्या माणसांची तिकिटं कोपऱ्यात होती. पण इतक्या चांगल्या जागा, त्याही मधोमध, त्याही विजयाच्या पुढ्यात, रिकाम्या? दोरी होती, पण गाठ साधी होती. उठवायला आलेल्या माणसाला काकूंनी चकली दिली आणि ही आमच्या घरची आहे असं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. तो मग त्यांच्यातच बसला.

मी हेडसेट घालून तयार, कार्यक्रम सुरू व्हायला आलेला. मी हातांनी खुणा केल्या, की तिकडे जा. त्यांनी प्रेमाने हात हलवले. बसलेली असेपर्यंत डोकी चौकटीच्या खाली राहत होती, म्हणून मी नाद सोडला. काकूंना मात्र मैदानाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसवलं होतं. त्याचं कारण मला तेव्हा कळायला हवं होतं. दिवा लागला की सांगायची कामगिरी त्यांच्याकडे होती.

निळे मैदानावर आले. सूर्य कलला होता, वारा नव्हता, मचाण शांत. असं हवामान वरच्या कॅमेऱ्याला वर्षातून एखाद्या दिवशी मिळतं. घरी टीव्ही बघणाऱ्यांनी ढोल बघितले, झेंडे बघितले, कान पुष्कळ बघितला. मी माझं मैदान धरून उभी. मग गोंधळ सुरू झाला, मुलं सैरावैरा पांगली, आणि हेडसेटवर ब्रॅडचा आवाज आला, हलका आणि गंभीर. "रेडी फोर. केक येतोय. फोर, हलू नकोस."

रेघ जुळायला लागली. डावीकडून, उजवीकडून, मागून.

"टेक फोर."

माझा दिवा लागला.

"लागला," काकू म्हणाल्या.

आणि आमचं अख्खं मंडळ उभं राहिलं, माझ्याकडे वळलं आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागलं. कुलकर्णी काकांनी टोपी काढून फिरवली. चकलीवाला माणूसही उभा राहिला. ज्या चित्रासाठी ग्लेनने इतके उन्हाळे वाट पाहिली, त्यात आता देशभर आमचं मंडळ दिसत होतं, हसतमुख, आणि त्यांच्या कोपरांच्या आणि अंबाड्यांच्या मधून कुठेकुठे निळे तुकडे.

मला त्यांचा भयंकर राग आला. पण कॅमेरा वर उचलला तर रेघ सुटते, आणि खाली नेला तर फक्त माणसं. हात तसेच राहिले.

"फोर, ही कोण माणसं?" ब्रॅडने विचारलं.

"माझी माणसं," मी म्हटलं.

मग ब्रॅडचा तो आवाज, जो मला पाठ होता. "काय चेहरे आहेत," तो म्हणाला. "फोर, जवळ जा. चेहऱ्यांवर जा."

झूमचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. आजवर दिग्दर्शकाला मी नाही म्हटलं नव्हतं. या धंद्यात नाही म्हणत नाहीत. दिग्दर्शक कान दाखव म्हणाला तर कान दाखवायचा.

"नाही, ब्रॅड," मी म्हटलं. "केक."

आणि तेवढ्यात रेघ पूर्ण होऊन वाजली. तो आवाज नुसता कानाला लागत नाही, छातीत बसतो. समोरच्या सगळ्यांना तो पाठीत बसला. हलणारे हात हवेतच थांबले. आधी काका वळले, मग त्यांच्या शेजारचे, मग एकेक करत सगळे. काकूसुद्धा वळल्या.

"गेले चेहरे," ब्रॅड हळहळला. "सगळ्या पाठी झाल्या. टेक थ्री."

दिवा विझला. देशाने अनीशचा कान बघितला. रेघ माझ्या डोळ्यांसमोर चालत प्रेक्षकांपर्यंत आली आणि थांबली, आणि मी एकटीने ती टिपत राहिले, रोजच्यासारखी.

ग्लेन त्या दिवशी वर आला नाही. मी वाट बघितली. इतकी वर्षं तो आला की मी 'होती' म्हणायचे, आणि आज तो विचारायलाही आला नाही, याने मला रडू आलं. बसमध्ये चढणाऱ्या मंडळाकडे मी बघितलंही नाही.

सकाळी, सगळ्यांचाच मुक्काम होता त्या हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत एका बाजूला मंडळाची वीसेक माणसं वॉफलच्या यंत्राभोवती जमली होती, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ग्लेन एकटा टॅबलेट पुढ्यात घेऊन बसलेला. मी समोर जाऊन बसले आणि माझ्या माणसांच्या वतीने माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हाताने थांबवलं आणि टॅबलेट माझ्याकडे वळवला.

पडद्यावर माझ्या दिव्याचा शेवटचा क्षण थांबवलेला होता. अख्ख्या मंडळाच्या पाठी, आणि पाठींच्या मधल्या फटींतून निळे तुकडे. ग्लेनने बोट एका टोकाला ठेवलं आणि हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. काकांच्या खांद्यापलीकडचा तुकडा, काकूंच्या अंबाड्यापलीकडचा, चकलीवाल्याच्या कानापलीकडचा. बोट कुठेही वरखाली झालं नाही.

"सरळ आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात कुलकर्णी काका हातात वॉफलची बशी घेऊन आले. ते जरा ओशाळलेले होते. माझ्याशेजारी बसले आणि खाली बघत मराठीत म्हणाले, "विजया, एक सांगायचं राहिलं. तुझा दिवा विझेपर्यंत हात हलवायचा असं ठरलं होतं आमचं. त्यासाठीच आलो होतो एवढ्या लांब. पण मागून ते असं काही आलं ना, की तुझ्याकडे पाठ फिरवली ग आम्ही. तुला विसरूनच गेलो."

ग्लेनने विचारलं, काय म्हणतायत ते? मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, परत सांग.